मुकादमाची झोप

“मी झोपलो न्हाई. सगळं दिसून राहिलंय मला.”

डोळे उघडल्याबरोबर आमचे मुकादम हेच म्हणायचे. छातीवर पडलेली मान वर यायची, हनुवटीवरची लाळ ते शर्टाच्या बाहीला पुसायचे आणि समोर पहिली दिसेल त्या बाईवर ओरडायचे. आपण झोपलो असताना कुणी काय केले हे त्यांना माहीत नसायचे. पण अंदाजाने दिलेली शिवीही बरोबर लागायची, कारण ते झोपले की आम्ही सगळ्याच काही ना काही करत असायचो.

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी अकरा वर्षे तुरीची डाळ निवडली. मशीनमधून निघालेल्या डाळीतला काळा दाणा, टरफल राहिलेला दाणा, बारीक खडा हातानेच काढावा लागायचा. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौदा बाया सूप घेऊन बसायचो आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत मुकादम. ते नांदेड जिल्ह्यातले, नायगावकडचे. मी त्यांना ‘ते’ लिहिते ती सवय म्हणून. आदर मला तेव्हाही नव्हता, आता लिहितानाही नाही.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. बाई लघवीला गेली तर हा दारात उभा राहून घड्याळ बघणार. पाण्याचा माठ मुद्दाम शेडच्या त्या टोकाला ठेवणार. एकदा सुमनच्या सासूची माती करून ती तिसऱ्या दिवशी आली, तर म्हणाले, “सासू मेली का तू? हात का चालंना?” मला ते मुकी म्हणायचे. “ए मुके, सरक.” मी चारचौघांत बोलत नाही हे खरे, पण माझ्या आईने मला नाव ठेवले होते.

आमची सुटका म्हणजे त्यांची झोप. भाकरी खाऊन खुर्चीत टेकले की पाच मिनिटांत घोरणे सुरू. “लागली समाधी,” सुमन म्हणायची आणि शेड मोकळी व्हायची. कुणी पाय लांब करायची, कुणी तंबाखू मळायची, कुणी लेकीला फोन लावायची. मी मात्र त्या वेळात माझे सूप गुपचूप सुमनकडे सरकवायचे.

कारण मला दिसत नव्हते. दोन वर्षांपासून नजरेवर साय आल्यासारखे झाले होते. पिवळ्या डाळीतला खडा मला बोटाला कळायचा तेवढाच. काळा दाणा तर सुटायचाच. मुकादम झोपले की सुमन माझी डाळ पुन्हा निवडून द्यायची. हे कळते तर मी त्याच दिवशी घरी बसले असते, आणि माझ्या घरी कमावणारी मी एकटीच होते. म्हणजे त्या माणसाची झोप होती म्हणून माझी चूल पेटत होती.

दिसत नसल्याने माझे कान तिखट झाले असतील. उजेडासाठी मी दाराजवळ, त्यांच्या खुर्चीशेजारी बसायचे. बाकीच्यांना नुसते घोरणे ऐकू यायचे. मला त्यातली खाच ऐकू यायची. घोरता घोरता आवाज एकदम बंद. श्वास आत नाही, बाहेर नाही. मी डाळीवरची बोटे थांबवून वाट बघायचे. मग बुडणारा माणूस वर यावा तसे ते मोठा हिसका देऊन श्वास घ्यायचे आणि पुन्हा घोरायला लागायचे.

कधी कधी तो हिसका येतच नसे. मग मी शेजारच्या रिकाम्या डब्यावर हाताशी असलेले दुसरे सूप आपटायचे. ते दचकून जागे व्हायचे. “मी झोपलो न्हाई,” म्हणायचे आणि आवाज केला म्हणून मलाच शिव्या द्यायचे. बायाही चिडायच्या. सुमन एकदा दात खाऊन म्हणाली, “तुझ्या हाताला काय खाज हाय का गं?”

मला दया आली होती असे कुणी समजू नये. हा इथे मेला तर पोलीस येतील, जवळ कोण बसली होती विचारतील, आणि मला बोलावे लागेल, एवढीच भीती होती. निदान मी स्वतःला तसे सांगायचे.

एक दिवस त्यांची बायको विसरलेल्या गोळ्या घेऊन आली. मुकादम झोपले होते. ती दारात उभी राहिली आणि नेमका तेव्हाच आवाज बंद झाला. मी थांबले. आणखी थांबले. मग डबा वाजवला. ते दचकून उठले, त्यांचे नेहमीचे वाक्य झाले, तिच्यावरही खेकसले. जाताना तिने मला खुणेने नळापाशी बोलावले आणि विचारले, “बाई, तुम्ही मुद्दाम वाजवलात का?”

मला नाही म्हणता आले असते. सूप हातातून पडले म्हटले की संपले. माझ्या सुपातले काळे दाणे सुमनने अजून वेचून संपवले नव्हते, आणि हा माणूस बरा झाला तर माझे काय होणार हे मला पक्के ठाऊक होते.

मी म्हणाले, “वहिनी, श्वास थांबतो त्यांचा. रोज थांबतो.”

तिने तोंडावर पदर घेतला. घोरण्यापायी ती कित्येक वर्षे दुसऱ्या खोलीत झोपत होती, तिला काय कळणार?

पुढचे तिच्याकडूनच कळले. डॉक्टरने अंगाला वायरी लावून एक रात्र झोपवले आणि झोपेत घसा मिटून श्वास अडतो असे निदान केले. दिवसाची झोप, चिडचिड, सगळे त्याचेच. नाकातोंडावर मुखवटा लावून झोपायचे, मशीन हवा देत राहते. ते ऐकून मुकादम डॉक्टरलाच म्हणाले, “मी काय बैल हाव? मुसकं बांधता मला?”

हा शब्द तिने आम्हाला सांगायला नको होता. मळणीच्या बैलाने कणसाला तोंड लावू नये म्हणून मुसके बांधतात. दुसऱ्या दिवसापासून आख्खी शेड त्यांना मुसक्या म्हणू लागली. गालांवर पट्ट्यांचे वळ उठलेले दिसले की बाया पदरात तोंड घालून हसायच्या. “आज डावीकडून आवळलंय बघ.” मीही हसायचे. मला वळ दिसत नव्हते, पण सगळ्या हसताना आपण न हसून कसे चालेल?

वळ दिसू नयेत म्हणून त्यांनी पट्टे सैल बांधले. हवा फटीतून डोळ्यांत जाऊ लागली. डोळे लाल झाले आणि खुर्चीतली समाधी पुन्हा लागली. आम्हाला दिवाळी. तो एक आठवडा मी सगळ्यात जास्त हसले असेन. पण त्यांची बायको खमकी निघाली. ती रोज स्वतः पट्टे आवळू लागली.

आणि मुकादम जागे झाले.

जेवणानंतर खुर्चीत ताठ बसलेले. डुलकी नाही, जांभई नाही. ओरडणे कमी झाले, पण आता ते नीट बघत होते, आणि ते ओरडण्याहून वाईट होते. “उपकार केलेस बाई आमच्यावर,” सुमन मला म्हणाली. मी डबा का वाजवायचे ते आता सगळ्यांना कळले होते. भाकरी खाताना माझ्या शेजारी कुणी बसेना, आणि सूप सरकवायची तर सोयच उरली नाही.

नवव्या दिवशी ते माझ्यासमोर उकिडवे बसले. माझ्या निवडलेल्या ढिगातली मूठभर डाळ तळहातावर पसरून माझ्या नाकाजवळ धरली.

“मुके, यात खडं किती?”

“एक बी न्हाई.”

त्यांनी माझे बोट धरले आणि एकेका खड्यावर ठेवले. तीनदा.

“हिला दिसत न्हाई,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. मग मला, “उद्यापून यायचं न्हाई. आधी डोळे दाखव.”

मी फाटकापर्यंत गेले तर मागून आले. मला वाटले, दोन शब्द बरे बोलतील. म्हणाले, “बायकोला तूच सांगितलंस म्हणं. जागं केलंस मला. आता भोग.”

फाटक त्यांनी स्वतः लावले.

सहा महिने मी धुणीभांडी केली. अंदाजाने भांडी घासायची आणि बोलणी खायची. प्रत्येक भांड्याबरोबर त्या माणसाला शिव्या दिल्या, ज्या मला तोंडाने कधी देता आल्या नाहीत. मग सरकारी दवाखान्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. चष्मा मिळाला तशी मिलमध्ये गेले. माझ्या जागी दुसरी बाई बसलेली होती आणि दाराशी खुर्चीच नव्हती. मुकादम काम सोडून गावाकडे गेले होते. माझी जागा राखायला त्यांनी कुणाला काही सांगून ठेवले नव्हते. तसे मी मुद्दाम विचारले.

पुढे भाचीच्या लग्नाला जाताना नांदेडच्या बसस्थानकावर ते दिसले. बाकड्यावर ताठ बसले होते. मांडीवर काळी बॅग, लेकरू धरावे तशी दोन्ही हातांनी धरलेली. त्यांच्या बायकोने अशीच बॅग सांगितली होती, मशीनची. मी वळून जाणार होते, पण त्यांनी बघितले. ते आता सगळेच बघत होते.

“मुके. दिसतंय का आता?”

“दिसतंय.”

“सगळं?”

बस लागली, ते बॅग छातीशी धरून उठले आणि माझ्या इतक्या जवळून गेले की मी त्यांच्या तोंडाकडे बघितले. नाकाच्या दोन्ही बाजूंनी कानापर्यंत दोन वळ गेले होते, दोरीने काचावे तसे खोल आणि काळे पडलेले.

ज्यांच्यावर मी इतकी हसले होते ते वळ मी पहिल्यांदाच बघत होते.