मक्का आणि मक्याचं कणीस

जेद्दाच्या समुद्रकिनारी कणसं भाजल्याचा वास आला की मला तिथल्याच अल अझीझिया वस्तीतल्या आमच्या घरातला एक शुक्रवार आठवतो. मुलीला शाळेत मक्का शहराच्या नावांचा तक्ता न्यायचा होता. माहिती अर्थातच मी शोधली होती: जुन्या अरबीतलं बक्का, लॅटिन नकाशांवरचं मकोराबा, जे याच शहराचं की नाही यावर अजून वाद आहे, मग युरोपीय भाषांतलं मेक्का आणि आता रस्त्यावरच्या पाट्यांवरचं मक्का. हिंदीचा रकाना तेवढा तिच्यावर सोपवला, तर तिथे बाईसाहेबांनी पिवळंधमक कणीस चिकटवलं. "बाबा, मक्का मतलब कॉर्न ही ना?" मी भडकलो. परक्या मुलखात इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, राहणाऱ्या माणसाला असले विनोद परवडत नाहीत. माझा आवाज ऐकून शेजारच्या खाला आल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, दोनदा हज केलेल्या. तक्ता बघून त्या पोट धरून हसल्या. "ओरडतोस काय तिला? माझे अब्बा हजला निघाले तेव्हा मी पण कणसं आणायला सांगितलेली. त्यांनी खजूर आणला, तर दोन दिवस रुसलेली मी! राहू दे ते." राहू देतो म्हणालो, आणि त्यांची पाठ वळताच ब्लेडने ते कणीस खरवडून काढलं. तक्त्याला पूर्ण गुण मिळाले. मुलगी आता पुण्यात शिकते; मकोराबा तिला आठवत नाही, ते ब्लेड मात्र आठवतं.