केळ्यांच्या खोलीत मोजलेलं विमान

“बाहेर काढा! हे सगळं आधी बाहेर काढा! लढाऊ विमानाचा भाग आहे हा, फळबाजार नाही!”

पुण्याकडचे तपासनीस साहेब केळी पिकवायच्या बंद खोलीत उभे राहून ओरडत होते, आणि त्यांचा प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून त्यांच्याच कानात परत शिरत होता. डावीकडे छताला टेकलेले केळ्यांचे क्रेट. उजवीकडे टेबल, त्यावर धुतलेली चादर, आणि चादरीवर माझ्या अक्काचे पापडाचे चार डबे. डब्यांत पापड नव्हते. देशाच्या लढाऊ विमानाच्या पोटात बसणारी चाळीस ब्रॅकेटं होती.

माझ्या शेजारी नाना हाताची घडी घालून उभे होते. नाना म्हणजे नरडाण्याच्या आमच्या वर्कशॉपचे मालक. मूळचे धुळ्याकडचे कपाशीवाले, पण बैलांपेक्षा लेथ मशीन जास्त ऐकते असं ठरवून इकडे वळलेले. मी त्यांचा सगळ्यात जुना कारागीर.

“साहेब,” नाना शांतपणे म्हणाले, “पहिले मोजा. मंग वरडा.”

आता लढाऊ विमान केळ्यांत कसं शिरलं ते सांगतो. मला गावात लोक फेकू म्हणतात, त्यामुळे यातलं निम्मंच सांगणार आहे. पूर्ण सांगितलं तर तुम्ही पुस्तक मिटाल.

आमचं ब्रॅकेट वीतभर लांबीचं, अ‍ॅल्युमिनियमचं. विमानातली इंधनाची नळी थरथरू नये म्हणून तिला धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. विमान आम्ही कधी जवळून पाहिलं नाही. पण एखाद्या पोराचे जोडे वर्षानुवर्षं शिवणाऱ्याला ते पोर किती वाढलं हे न बघता कळतं, तसं आम्हाला विमान कळत होतं. पहिलं ड्रॉइंग आलं, त्यावर कोपऱ्यात ‘ए’ लिहिलेलं. ते ब्रॅकेट इतकं दणकट की नांगराला लावलं असतं तर बैल पळून गेले असते. मग ‘बी’ आलं: वजन कमी करा. आम्ही पोटातून कोरलं. ‘सी’ आलं: अजून कमी करा. अजून कोरलं. पुढे विमानाला उडता उडता दुसऱ्या विमानाकडून इंधन पिता यावं म्हणून नाकाजवळ एक सोंड बसवली, तर नळीचा रस्ता बदलला आणि आमच्या ब्रॅकेटची मान वाकडी झाली. मग नाकातलं रडार नवीन आलं, आतली सगळी मंडळी सरकून बसली, आणि आमच्याही ब्रॅकेटला सरकावं लागलं. मग जास्त ताकदीचं इंजिन. पुन्हा नवं अक्षर.

इकडे पेपरात येत राही की या विमानाला फार उशीर झाला. नरडाणा स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर नानांना टपरीवाल्याकडून रोज तेच ऐकावं लागे.

“काय नाना, इमान उडनं का? का अजून गोठामाच शे?”

“तुना पोऱ्या दहावीले किती सालं बठेल व्हता?” नाना विचारत. “तीन ना? त्याले तर फक्त पास व्हवानं व्हतं. आमना इमानले लढानं शे.”

त्या दिवसापासून टपरीवाला नानांना चहा अर्धाच देऊ लागला. नानांनी टपरी बदलली नाही. अर्धा चहा तिथेच बसून पूर्ण कप असल्यासारखा सावकाश पीत.

विमान एकदाचं उडालं, हवाई दलातही गेलं. पण ते जसजसं शहाणं होत गेलं तसतशी आमची सूट आटत गेली. ‘ए’च्या वेळी लांबीत केसाएवढा फरक चालायचा. ताज्या ड्रॉइंगमध्ये केसाचेही उभे काप करून त्यातला एक काय तो माफ. आणि नेमकी त्याच ड्रॉइंगची पहिली खेप दक्षिणेतल्या विमान कारखान्यातून परत आली. शेरा होता: लांबी कमी.

आम्ही मोजली. बरोबर.

नानांनी सणसणीत पत्र लिहिलं आणि तीच खेप परत पाठवली. ती पुन्हा आली. शेरा तोच. आम्ही पुन्हा मोजली, पुन्हा बरोबर. सोबत या वेळी चिठ्ठी होती: नवीन खेप आमचा माणूस समोर बसून तपासेल, तीही नापास झाली तर हे काम दुसरीकडे जाईल.

नाना दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे घरी जेवले नाहीत. वर्कशॉपमध्ये माझा डबा खात होते. दुसऱ्या दिवशी माझी शेवभाजी संपवून म्हणाले, “पहिल्या अक्षरापासून आपलं पोर आहे ते. आता वयात आल्यावर दुसऱ्याच्या दारात पाठवू?”

चूक माझ्या हाताला सापडली, डोक्याला नव्हे. मे महिना होता. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याची बाटली ठेवली तर त्यात नुसती चहापत्ती टाकायची. मी एक नापास ब्रॅकेट माठावर ठेवून विसरलो होतो. तासाभराने उचलून मोजलं, तर लांबी कमी! धरून बसलो, हातात तापलं, पुन्हा मोजलं, तर थोडी वाढली. अ‍ॅल्युमिनियम गरमीत फुगतं. मोजायचा पोलादी मायक्रोमीटरही फुगतो, पण त्याच्या निम्म्यानेच. आम्ही इतकी वर्षं फुगलेलं ब्रॅकेट कापून बरोबर करत होतो, आणि दक्षिणेतल्या गार खोलीत पोचलं की ते अंग आखडून बसत होतं. जुनी सूट होती तोवर ते खपून जाई. दोन्हीकडचे लोक खरं बोलत होते. मध्ये खानदेशचं ऊन खोटं बोलत होतं.

मोजायला तिथल्यासारखीच वीस अंशांची खोली हवी होती. शेडमध्ये एसी लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मान टाकली, आणि तिसऱ्या दिवशी मीच त्याला ओल्या फडक्याने पुसत होतो.

मग मला अक्का आठवली. माझी थोरली बहीण, मुक्ताईनगरजवळची. तिच्याकडे केळी पिकवायची खोली आहे: जाड भिंती, रात्रंदिवस गारवा, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. फोन केला.

“वीस अंशांवर?” अक्का म्हणाली. “तुमच्या इमानापायी माह्या केळ्या दोन दिस आधीच पिवळ्या होतीन ना रे!”

“अक्का, देशाचं काम आहे.”

“देशाले केळ्या नाही लागत का?”

पण काटा तिने विसावर आणला. डबेही दिले, खोलीतला दमटपणा ब्रॅकेटला लागू नये म्हणून घट्ट झाकणाचे. आठवडाभर आम्ही नरडाणा ते मुक्ताईनगर जीप पळवली. तिकडे कापायचं, इकडे दिवसभर गार करून मोजायचं. गरमीत किती जास्त ठेवायचं ते अक्काच्या खोलीने शिकवलं. आणि शेवटी कारखान्याने तपासायला पाठवलेल्या साहेबांनाही त्याच जीपमध्ये घालून भर उन्हात इथे आणलं. ते ओरडले यात त्यांचा दोष नाही. माणूसही गरमीत फुगतो.

तर नाना म्हणाले, पहिले मोजा. साहेबांनी स्वतःचा थर्मामीटर काढला. बराच वेळ धरून ठेवला. वीस. तो झटकून पुन्हा धरला. वीस. मग स्टुलावर बसले, स्वतःचा मायक्रोमीटर काढला आणि पहिला डबा उघडला. सातव्या ब्रॅकेटला त्यांना शिंका सुरू झाल्या. अक्काने आत येऊन त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, दोन क्रेट उचलले आणि जाताना म्हणाली, “दार नीट लावत जा. गारवा फुकट चालला.” साहेबांनी उठून दार लावलं.

चाळीसच्या चाळीस बरोबर निघाली.

साहेबांनी फॉर्म काढला. मोजणी कुठे केली, या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. आवाज आता मऊ होता. “नाना, इथे मी ‘तापमान-नियंत्रित कक्ष’ लिहितो. ते खोटं नाही, आणि वर कुणी विचारणार नाही.”

मी लगेच मान डोलावली. मला त्या नावात केळ्याची सालसुद्धा दिसत नव्हती. फारच सुंदर नाव होतं.

“नही,” नाना म्हणाले. “केळासनी खोली शे. केळासनी खोली लिखा.”

“अहो, वरचे लोक कागद परत पाठवतील. काम जाईल तुमचं.”

“गरम शेडमा मोजं तव्हय कोनी इचारं नही, नि आठे बरोबर मोजं तर लपाडू? लिखा साहेब.”

साहेबांनी लिहिलं: केळी पिकवण्याची खोली. पेन इतकं दाबून की मागच्या पानावरही उमटलं.

त्या कागदावर पुढे सही झाली आणि आम्हाला पुढच्या ड्रॉइंगचं नवं अक्षरही मिळालं, हे आताच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही जीव मुठीत धरून बसाल आणि मला पाप लागेल. पण सहीच्या आधी महिनाभर काहीच आलं नाही. टपरीवर चहा पाव कपावर आला. आणि मग एका दुपारी वर्कशॉपमध्ये साहेबांचा फोन आला. नानांनी तो स्पीकरवर टाकला.

“नाना, कागद वरच्या टेबलावर आहे. सहीच्या आधी त्यांना एकच गोष्ट हवी आहे. त्या खोलीचा मूळ उपयोग काय, एका ओळीत. मी ऐकून लिहून घेतो. जरा विचार करून सांगा.”

मी हातवारे करत होतो. संशोधन! साठवण! काहीतरी भारदस्त! ओठांनी ‘प्रयोगशाळा’ असं तीनदा म्हणून दाखवलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवर टांगलेल्या ‘ए’ अक्षराच्या पहिल्या ब्रॅकेटकडे पाहिलं, आणि फोन तोंडाजवळ नेला.

“केळी पिकवणे.”