चुकीच्या फाइलीतला आकडा

ऑफिसात त्याला सगळे ‘थांबा’ म्हणत. खरं नाव उरलं होतं ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं. काही बिघडलं म्हणून कोणी टेबलाशी आलं की मान वर न करता तो म्हणायचा, "थांबा, बघतो." आणि खरंच बघायचा, हे विशेष. वय बावन्न, चष्मा कपाळावर आणि तोच चष्मा टेबलभर शोधायची खोड.

संस्थेचं काम असं, की ऐकू न येणाऱ्या माणसाला डॉक्टरांशी नाहीतर वकिलाशी बोलायचं असलं की तो मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावतो. इथले दुभाषी त्याच्या खुणा बोलून दाखवतात आणि समोरच्याचं बोलणं त्याला खुणांनी सांगतात. सगळे कॉल एका सर्व्हरमधून जातात आणि तो सर्व्हर थांबाच्या ताब्यात. वर्षभरात कॉल दुप्पट झाले, तसं दुपारच्या गर्दीत चित्र अडकायला लागलं. बोलण्यातला शब्द निसटला तर माणूस अंदाजाने सावरून घेतो. खूण निसटली की अर्थाचा अनर्थ.

थांबाच्या थोरल्या बहिणीचं तेच झालं. ताई जन्मापासून बहिरी. पोटाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांशी बोलताना तिला दिसलं, ‘ऑपरेशन नको’. ती खूश होऊन झोपली. डॉक्टर म्हणाले होते, ‘ऑपरेशन लांबवायला नको’. मधल्या खुणेच्या वेळी चित्र गोठलं होतं. दोन दिवसांनी दवाखान्याची चिठ्ठी हातात पडली तेव्हा घोटाळा कळला. आता गुरुवारी तीनला पुन्हा बोलणं ठरलं होतं, ऐन गर्दीच्या वेळी.

"मी येतो ना बरोबर," थांबाने खुणांनी सांगितलं.

"तू नकोस," ताईचे हात चटकन फिरले. "तू सगळं साखर घालून सांगतोस. मला जसंच्या तसं हवंय."

हे खोटं नव्हतं, म्हणून त्याने हट्ट धरला नाही.

मॅनेजरबाईंच्या मते सर्व्हर म्हातारा झाला होता. नव्याचा कागद सहीला तयार होता, पण मशीन यायला तीन आठवडे. गुरुवारी सकाळी थांबा पडद्यासमोर ठाण मांडून बसला. सर्व्हरच्या प्रोसेसरला आठ कोर, म्हणजे कामाला आठ जण. त्यातला एक शंभर टक्क्यांवर धापा टाकत होता आणि सात निवांत होते. आठ जावांच्या घरात एकीनेच राबावं, तसला प्रकार.

कर्नल म्हणजे मशीनच्या आतला कारभारी. बाहेरून आलेलं माहितीचं प्रत्येक पाकीट आधी त्याच्याकडे जातं, आणि ती पाकिटं किती जणांनी उघडायची याचं एक सेटिंग असतं. तिथे थांबाने सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने आठ लिहिलं होतं. त्याने फाइल उघडली. आठच होतं. मग चालू कर्नलला विचारलं, किती? उत्तर आलं, एक.

हे सेटिंग कर्नल फक्त सुरू होतानाच वाचतो, तेही वेगळ्या फाइलीतून. थांबाने आकडा लिहिला होता नंतर वाचल्या जाणाऱ्या फाइलीत. मशीन बिचारं प्रत्येक रीस्टार्टला सांगत होतं, की हे आता बदलता येत नाही, त्या दुसऱ्या फाइलीत लिहा. पण शेकडो ओळी सरसर वर जातात आणि तेवढ्या वेळात थांबा चहाला जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

झाकली मूठ तशीच ठेवता आली असती. नवं मशीन आलं असतं, त्यात आकडा योग्य जागी पडला असता, कोणाला कळलं नसतं. पण ताईचा कॉल आज तीनलाच होता. तो मॅनेजरबाईंच्या खोलीत गेला.

"सर्व्हर ठीक आहे. चूक माझी आहे, सहा वर्षांपूर्वीची. रीस्टार्टला सात मिनिटं द्या."

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सहीच्या कागदाकडे. "एक वाजता घ्या, जेवणाच्या सुट्टीत," त्या म्हणाल्या. "आणि हे सहा वर्षांचं मला नंतर सविस्तर सांगा."

एक वाजता तो चहाला गेला नाही. आकडा योग्य फाइलीत लिहून मशीन रीस्टार्ट केलं आणि एकेक ओळ वाचली. मग कर्नलला विचारलं आणि उत्तर आलं, आठ.

तीन वाजता गर्दी उसळली. आठही कोर तीस-चाळीस टक्क्यांवर, कोणीच धापा टाकत नव्हतं. ताई काय बोलतेय हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. दुसऱ्याच्या कॉलमध्ये डोकावायचं नाही हा नियम. चित्र अडकत नाही एवढंच कळत होतं आणि तेवढ्यानेच त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. पावणेचारला ताई पडद्यावर आली.

"ऑपरेशन आहे. दवाखान्यात जागा नाही म्हणून ते पुढच्या महिन्यात म्हणत होते, मी भांडून मंगळवार घेतला."

"डॉक्टरांशी भांडलीस?"

"अरे, चित्र चालू राहिलं तर माणूस भांडेल ना."

"ते अडकायचं माझ्यामुळे, ताई. एक आकडा चुकीच्या जागी लिहिला होता मी."

"वर्षभर मी त्या दुभाषीबाईंना मनात शिव्या घालतेय. जा, त्यांची माफी माग."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "भीती वाटतेय का गं?"

"वाटतेय," ताई म्हणाली. "पण आता नेमकी कशाची, ते माहीत आहे."