कानपिळीसाठी थांबवलेल्या गोळ्या

आमच्या सोमनाथला वेडा म्हणायचं नाय. माझ्या तोंडावर तर मुळीच नाय. फुलबाजारात एक बाई म्हणाली, "कलाबाई, तुमचा तो वेडा पोरगा कसा हाय?" तिच्या अंगावर झेंडूची अख्खी पाटी ओतली मी. मग लोक म्हणाले, आईपण तसलीच. म्हणू द्या.

सोमनाथ माझा थोरला. आयटीआय केलं आणि अंबडला कंपनीत मशीनवर लागला. मखमलाबादला आमची थोडी फुलशेती. शिफ्टवरून आला की कपडे न बदलता वाफ्यात उतरायचा, बापाला म्हणायचा, "दादा, तुम्ही बसा आता." धाकट्या वैष्णवीवर तर लय जीव.

सव्विसाव्या वर्षी बिनसलं. आधी झोप गेली. मग म्हणायला लागला, कंपनीतली माणसं माझ्यावर बोलतात, घरी आलो तरी ऐकू येतात. मोबाईल फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचा. आम्ही काय केलं? जो सांगेल ते केलं. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं पोरीचं लफडं. आमचे हे म्हणाले, "आळस चढलाय, दोन ठेवून दिल्या की उतरंल." दोन ठेवूनही दिल्या. देवऋषी झाला, लिंबं उतरवून झाली. सहा महिने त्यात घालवले आम्ही. शेवटी शेजारची पूजा, ती दवाखान्यात नर्स हाय, तिनं आम्हाला ओढत मनाच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मी विचारलं, "कशानं झालं हो बाई? आमचं काय चुकलं?"

"एका कारणानं होत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "थोडं रक्तातून येतं, थोडं मेंदूचं काम बिघडतं. वर जागरण, कामाचा ताण. कुणी मुद्दाम केलेलं नसतं हे." मग विचारलं, "घराण्यात आधी कुणाला होतं?"

मी नाय म्हणाले. माझ्या भावाला होतं, मंगळूला. गोठ्यात बांधून ठेवायचे त्याला. ते लपवूनच माझं लग्न लावलं होतं, आणि आमचे हे शेजारच्या खुर्चीवर बसलेले. कशी सांगणार?

पण गोळ्या लागू पडल्या. खरंच लागू पडल्या! चार महिन्यांत आवाज गेले. पोरगा परत फुलांना पाणी द्यायला लागला, पाट्या रिक्षात चढवायला लागला. अंगानं सुटला होता, दुपारी पेंगायचा, आणि हात थरथरायचे. चहा पिताना कप बशीत वाजायचा. मी म्हणायचे, वाजू दे.

तेवढ्यात वैष्णवीचं जमलं. देवळाली कॅम्पकडचं चांगलं स्थळ. त्यांना सोमनाथचं काही सांगितलं नव्हतं. आणि लग्नात कानपिळी असते. नवरीच्या भावानं भर मांडवात नवरदेवाचा कान पिळायचा. सगळे माना उंच करून बघणार, फोटो निघणार. तो थरथरता हात चारशे माणसांनी बघितला की कुणीतरी विचारणारच, पोराला काय झालंय?

मीच ठरवलं. ह्यांना विचारलं नाय, पूजाला विचारलं नाय. त्याला म्हणाले, "सोमा, तू आता बरा झालास. बऱ्या माणसाला गोळ्या कशाला? लग्न होईस्तोवर राहू दे."

"डॉक्टर म्हणाल्या बंद करू नको, आई."

"आई कोण हाय तुझी? त्या का मी?"

बिचारा ऐकणारा. ऐकलं त्यानं. गोळ्यांची पाकिटं मी साड्यांखाली घातली.

महिन्यात हात थांबले, तोंडावर तरतरी आली. लग्नात त्यानं असा कान पिळला की नवरदेव "आई गं!" करून ओरडला आणि सगळा मांडव हसला. फेटा बांधलेला माझा पोरगा काय दिसत होता! मी पदराआड रडले. म्हटलं, सुटलो एकदाचे.

वैष्णवी मांडवपरतणीला येऊन गेली, त्याच आठवड्यात आवाज परत आले. या खेपेला लय जोरात. मी धावत पाकिटं काढली, पाणी घेऊन पुढं उभी राहिले. तो म्हणाला, "मी बरा आहे. तूच म्हणालीस."

पाकिटं पदरात बांधली मी.

डॉक्टरीणबाईंकडं एकटीच गेले आणि सगळं सांगून टाकलं, मंगळूचंसुद्धा. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हात थरथरतात हे मला सांगायचं ना, मावशी. त्यावर उपाय होता. औषध बदलता आलं असतं." बाहेरच्या बाकावर बसून कपाळ बडवून घेतलं मी. मंगळूचं रक्त पोरात उतरणं माझ्या हातात नव्हतं. पण एवढं एक विचारणं तर होतं!

त्यांनी सांगितलं होतं, समजावून घेऊन या, लपवून काही देऊ नका. मला कुठला धीर! दुसऱ्याच दिवशी खलबत्त्यात गोळी कुटली आणि त्याच्या पिठल्यात कालवायला घेतली. मागं वळले तर सोमनाथ दारात. किती वेळ उभा होता कोण जाणे. आरडाओरडा काही नाय. "म्हणजे तू पण त्यांच्यातलीच," म्हणाला आणि निघून गेला.

दोन वर्षं झाली. आता महिन्याला इंजेक्शन असतं, पूजा समजावून नेते. आवाज कमी झालेत म्हणतो, पण पहिल्यासारखा झाला नाय. कंपनी कधीच सुटली. पूजाच्या घरची भाकरी खातो, बंद पुड्यातली बिस्किटं खातो. माझ्या हातचं नाय. ज्या हातानं वाढवला त्या हातचं पाणीसुद्धा नाय.

काल मी हट्टाला पेटले. ताट घेऊन त्याच्यापुढं बसले. म्हटलं, "बघ, आधी मी खाते." एक घास खाल्ला.

"सगळं खा," तो म्हणाला.

खाल्लं. भाकरी, भाजी, भात, रडत रडत अख्खं ताट संपवलं. तो डोळ्याची पापणी न हलवता बघत होता.

"आज घातलं नव्हतंस," तो म्हणाला, "म्हणून खाल्लंस." आणि उपाशीच उठून गेला.