गळकी चकती

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील तर भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या बाईंचे. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजचा प्रवेश बाईंनी स्वतः सोबत येऊन करून दिला.

पीएचडीला माझा विषय होता बिस्मथ फेराइट. चुंबकाला दिशा असते, तशी काही पदार्थांत विद्युतभाराच्या मांडणीलाही असते आणि बाहेरून व्होल्टेज देऊन ती उलटवता येते. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात क्वचित भेटतात. बिस्मथ फेराइट त्यांतला. मी त्याची भुकटी दाबून चकत्या करायचो, भट्टीत भाजायचो, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप लावून व्होल्टेज द्यायचो आणि दिशा उलटते का ते मोजायचो. पडद्यावर छान फुगीर वक्र आला, म्हणजे वरवर पाहता दिशा उलटत होती. मार्गदर्शक सर खूश झाले.

मला तो वक्र खटकला. टोकं अणकुचीदार हवीत, ती गोल होती. व्होल्टेज सावकाश फिरवलं की वक्र आणखी फुगायचा. म्हणजे दिशा उलटतच नव्हती, चकतीतून वीज नुसती गळत होती.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "लेखात एकाच वेगानं फिरवलेला आलेख टाक ना. बाकीचे कोण मागते?"

"पण सर, हे खरं नाही."

"भंडाऱ्याहून आला न तू? पहिले डिग्री घे, मग खरं-खोटं करत बस."

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले.

मी आलेख दिला नाही. सरांनी माझ्याच चकत्या माझ्यानंतर आलेल्या मुलाकडून मोजून घेतल्या. लेख छापून आला, माझ्या नावाशिवाय. माझ्या प्रबंधावर सही झालीच नाही. फेलोशिप संपली तसा गावी आलो. चौकात मामा भेटला. "का रे डाक्टर, काहून वापस आला? सुई टोचता येते का?"

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. "बाबू, विहारात तुझा सत्कार ठेवून राहिले सगळे. डिग्री कधी भेटते, तारीख सांग."

'कळवतो' म्हणून फोन ठेवला. मग हे पत्र पाठवलं:

"आदरणीय बाई, सविनय जय भीम.

सत्कार ठेवू नका. मी डॉक्टर झालो नाही, आता होणारही नाही. आजारपण आलं, घरची अडचण आली, असं कुणाला सांगू नका. तसं काही झालं नाही. माझ्या चकत्या खराब निघाल्या आणि त्या चांगल्या आहेत असं लिहायला मी नकार दिला. ज्यानं लिहिलं त्याला पदवी मिळेल. मला पश्चात्ताप नाही, पण राग आहे, आणि तो जात नाही. तुम्ही वर्गात पोरांना माझं उदाहरण देता, असं ऐकलं. ते सध्या थांबवा.

आपला विद्यार्थी"