लिंबाखालचा तुकडा

विमान चालवतोस म्हणजे नेमकं काय करतोस, असं आमच्या गावी, उमरीत, कुणी विचारलं की मी विषय बदलतो. खरं उत्तर लाजिरवाणं आहे. विमान वर गेलं की ऑटोपायलट लावायचा आणि उतरताना अगदी शेवटी काढायचा. मधल्या वेळात मी नुसता राखणदार. कंपनीलाही तेच हवं असतं. दर सहा महिन्यांनी मात्र सिम्युलेटरवर परीक्षा घेऊन तीच कंपनी म्हणते, आता हातानं उडवून दाखवा! मागच्या वेळी कसाबसा निभावलो. यंदा नापास झालो तर उडणं बंद. त्या धास्तीनंच इतका थकलो, की परीक्षेआधी रजा टाकून गावी आलो.

भाऊ ट्रॅक्टरनं रब्बीची ज्वारी पेरत होता. लिंबाखालच्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळेना. आई म्हणाली, "तेवढं मी तिफणीवर पेरते. शेजाऱ्याची बैलं आणा." एके काळी बैलांमागच्या तिफणीच्या चाड्यात, त्या लाकडी वाटीत, मुठीनं सारखं बी सोडायला तिला गावभरातून बोलावणं यायचं. ट्रॅक्टर आल्यापासून तिनं मूठ धरलीच नव्हती.

चार-पाच दिवसांनी ज्वारी उगवली. ट्रॅक्टरच्या ओळी आखल्यासारख्या; आईच्या कोपऱ्यात कुठं दाटी, कुठं हातभर रिकामं.

"काय वो काकू, लेकाच्या इमानातून पेरली का?" शेजारी बांधावरून हसला. मला आईची कीव आली. खरं तर माझीच जास्त आली.

भाऊ म्हणाला, "मोडू अन् पुन्हा पेरू."

"न्हाई, राहू दे. हात इसरलाय, दुसरं काय. आता दर साली एवढा तुकडा मीच पेरीन. बिघडला तर बिघडू दे. हाताला याद राहती."

बिघडला तर बिघडू दे, असं म्हणता येईल असा तुकडा मला कोण देणार? वारा पडलेला, आभाळ मोकळं असलं की वाटतं, आज विमान लांबूनच हातानं आणावं. मग मागं बसलेली माणसं आठवतात आणि ऑटोपायलटच्या बटणावरचं बोट मी काढून घेतो. हात त्यांच्यासाठीच तयार हवा, आणि त्यांच्यामुळंच तो चालवता येत नाही. याचा कंटाळा आलाय मला.

परतीच्या गाडीसाठी नांदेडला निघताना आईनं धपाटे बांधून दिले. "परीक्षा लई अवघड हाय का रं?"

"हात चालला तर न्हाई."

तिनं माझे हात उलटेपालटे करून बघितले. "किती मऊ पडलेत," म्हणाली.

मी हात खिशात घातले आणि रस्त्याला लागलो.