पेवसाहेबांचा कर्बवायू

पेवसाहेब कुणाच्या घरी गेले, की पोराबाळांची सोडून पेवाची चौकशी करायचे. "तोंड किती रुंद? खोली किती पुरुष?" पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार, हे आमच्या चुडाव्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. साहेब शेतकी खात्यातले इंजिनिअर. जगाचे इंजिनिअर आभाळात धूर सोडतात. आमचे साहेब जमिनीत वायू कोंडायचे.

"ज्वारी श्वास घेते," ते म्हणायचे. "तिचाच कर्बवायू तिच्यापाशी कोंडा, कीड मरते. औषध कशाला विकत घेता?" त्यांनी पेवाला आतून असा गिलावा करवला आणि तोंडावर शिळा अशी बसवली, की मुंगी शिरू नये. तळापर्यंत पत्र्याचा पाइप, वर लोहाराचा भाता. पेव उघडलं की भात्यानं ताजी हवा तळाशी ढकलायची, जड वायू बाहेर काढायचा, मग कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच माणूस. आराखडा एवढा सुबक, की गावानं त्यातला निम्मा आनंदानं स्वीकारला. वायू कोंडायचा निम्मा. काढायला वेळ कुणाला होता? त्यासाठी आमचे आबा होते.

आबा म्हणजे माझे वडील, पेवात उतरणारे. आधी त्यांचे थोरले भाऊ उतरायचे. एकदा उतरले ते दोरानं ओढूनच वर आणावे लागले, थंडगार. गावानं हळहळ व्यक्त केली आणि नवा दोर आणला.

मी तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं वाटत हिंडायचो. साहेबांनाही सुनावलं, "तुमचं कोंडणं पक्कं झालं, म्हणून आबाचं मरण पक्कं झालं." साहेबांनी चष्मा पुसला. "खरं हाय," एवढंच म्हणाले. अधिकाऱ्याच्या तोंडून हे दोन शब्द मी कधी ऐकले नव्हते. पुढचं भाषण पाठ होतं, ते वाया गेलं.

त्याच आठवड्यात पाटलांचं पेव उघडलं. कंदील हातभर खाली गेला आणि विझला.

"कंदील विझंना का, सायेब! माणूस काय कंदील हाय?" पाटील हसले आणि आबांकडं वळले. "उतर रे धोंड्या."

आबांनी कमरेला दोर बांधला. साहेब पेवाच्या तोंडावरच मांडी घालून बसले.

"ज्वारी कुणाची, पाटील?"

"आमची की."

"मग पहिला पाय तुमचा. दोर मी धरतो."

पाटलांना तत्क्षणी गुडघेदुखी आठवली. पाठोपाठ वायूशास्त्रही समजलं. "भाता आणा रे! घाई कशाची करायलाव?" भाता दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी कंदील तळाशी जळत राहिला. आबा उतरले, टोपल्या भरून दिल्या, आपल्या पायांनी वर आले.

अधिकारी गावात दुही माजवतो, असा अर्ज गेला. सरकारनं एरवी न दाखवलेल्या चपळाईनं बदली केली. मी धिक्काराचं पत्रक घेऊन स्टेशनवर गेलो. साहेबांनी वाचलं. "धिक्कारानं वायू हलत न्हाई, बाबा." कागद उलटा करून त्यांनी पेवाचा उभा छेद काढला: पाइप, भाता, कंदील. खाली एक ओळ, 'आधी मालक उतरेल.' "हे छाप," म्हणाले, आणि गाडीत चढले. पुन्हा भेट नाही.

मी छापलं. त्या हंगामात आमच्या वस्तीतली पेवात उतरणारी सगळी माणसं तो कागद दाखवून पेवाच्या काठावर बसून राहिली. गावात भाते आले.

आबा आता म्हातारे झालेत. बाजेवर बसून माझ्या प्रत्येक पत्रकात खोट काढतात, चहा गार आहे म्हणतात, शेजाऱ्यांशी भांडतात. पेवात उतरणारा माणूस एवढा म्हातारा होऊन कटकट करतो, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडतंय.